कमी पैशात १९४८ चा करोडगिरी नाका कसा उभारावा?

तुमचा प्रश्न असा आहे: हैदराबाद मुक्तिसंग्रामावर लघुपट करताय, परभणीजवळच्या खेड्यात शूटिंग आहे, त्यात निजामाचा करोडगिरी नाका म्हणजे जकातीचं ठाणं दाखवायचंय. हाताशी २०,००० रुपये आणि कॉलेजची मुलं आहेत, कलादिग्दर्शक परवडत नाही, तर सेट आणि प्रॉपर्टी, म्हणजे नटांच्या वापरातल्या वस्तू, स्वतः कशी करावी?

मी लातूरकडे नाटकांचे आणि लघुपटांचे सेट करतो. विषय वाचून मनापासून आनंद झाला. सीमेवरच्या कार्यकर्त्यांनी असे नाके जाळले होते, पण आपल्याकडच्या पोरांना आज नाका म्हटलं की टोलनाकाच डोळ्यासमोर येतो. तेव्हा हे काम नीट व्हायला हवं.

ज्या वस्तूला नटाचा हात लागणार ती खरी ठेवा, किंवा निदान वजनाला आणि आवाजाला खरी वाटेल अशी करा. बाकी सगळं खोटं चालतं. नवी मंडळी बहुतेक पैसे भिंतीत घालतात आणि टेबलावर घरातलं काहीतरी आणून ठेवतात. तुम्ही नेमकं उलटं करा.

नाक्यावर रस्ता अडवणारा आडवा वासाच घ्या. पीव्हीसी पाइपला लाकडी रंग दिला तर लांबून फरक कळत नाही. पण शिपाई तो उचलतो तेव्हा त्याचा खांदा कामच करत नाही. प्रेक्षकाला काय चुकलं ते सांगता येत नाही, पण खटकतं. त्यापेक्षा गावातून बाभळीचा नाहीतर कडुलिंबाचा जुना वासा मागून आणा, बुडाशी सुतळीने दगड बांधा. दोराची ओढ, लाकडाची करकर आणि नटाचा जोर हे सगळं फुकटात मिळतं.

भिंत मात्र बिनधास्त खोटी करा. आधी कॅमेरा कुठे लागणार ते पक्कं करा, तिथे उभं राहून मोबाइलवर फोटो काढा आणि फोटोत जेवढं दिसतं तेवढंच उभारा. फ्लॅट म्हणजे लाकडी चौकटीवर कापड ताणून केलेला भिंतीचा तुकडा. ८ बाय ४ फुटांचे तीन फ्लॅट शेजारी लावले तर १२ फूट भिंत होते, एका ठाण्याला तेवढी पुरते. दोन इंची रिपांची चौकट, मधे आडवी पट्टी, कोपऱ्यांना प्लायचे त्रिकोण. त्यावर गोणपाट ताणून ठोका. पांढरी माती चाळून घ्या, त्यात गव्हाचा भुस्सा, पाणी आणि फेविकॉल घालून सरबरीत कालवा आणि हातानेच थापा. ब्रशने थापलेली भिंत ब्रशची दिसते, आपल्याकडच्या माळवदाच्या, म्हणजे सपाट मातीच्या छताच्या, घरांवर बोटं फिरलेली असतात. एकदम जाड थर देऊ नका, तो टेम्पोत हादऱ्याने गळून पडतो. दोन पातळ थर द्या. फेविकॉल वाळला की दिव्यात चमकतो, म्हणून वरचा थर ओला असतानाच त्यावर कोरडी माती चाळणीने भुरभुरवा. चमक जाते.

मग भिंतीला वय द्यायचं. जमिनीपासून हातभर उंचीपर्यंत पावसाचे शिंतोडे उडालेले असतात, तिथे पातळ काव झटका. बाकड्यावर बसणाऱ्याचं डोकं जिथे टेकतं तिथे तेलकट काळपट डाग हवा, कापडाच्या बोळ्याने तेल आणि काजळी चोळा. दाराभोवती चुन्यात नीळ घालून पट्टा ओढा. थर्माकोल टाळा. सजावटीच्या थर्माकोलवर राज्यात २०१८ पासून बंदी आहे, शिवाय त्यावर माती धरत नाही.

गावात एखादा जुना सुतार असेल तर त्याला पहिल्या दिवसापासून सोबत घ्या, नुसतं मजुरीवर बोलावू नका. कोल्हापूरचे बाबूराव पेंटर मूळचे मेस्त्री. नाटकाचे पडदे रंगवणाऱ्या या माणसाने पुढे मूकपटासाठी कॅमेरासुद्धा स्वतः घडवला. या धंद्यात कसबी हात पहिल्यापासून आहेत, आणि असा म्हातारा सुतार तुम्हाला जुन्या दाराची कडी कशी होती हेही सांगेल.

आता टेबल. इथे वेळ घाला, कारण काळ इथेच दिसतो. निजामाच्या राज्याचा कारभार उर्दूत चालायचा, म्हणून पाटी आणि रजिस्टर दोन्ही उर्दूत हवं. पाटी संगणकावर टाइप करून फ्लेक्स काढू नका. उर्दूचा आजचा छापील नस्तालिक (उर्दूची तिरकस वळणाची लिपीशैली) फाँट १९८१ नंतरचा आहे, जाणकाराला लगेच कळतो. आपल्या शहरांत हाताने उर्दू पाट्या रंगवणारे पेंटर अजून भेटतात, त्यांच्याकडून पत्र्यावर लिहून घ्या आणि मजकूर उर्दूच्या शिक्षकांना दाखवा. रजिस्टरवर साल फसली, म्हणजे निजामाच्या कारभारातल्या कालगणनेचं, घाला: सप्टेंबर १९४८ म्हणजे १३५७ फसली. कागद चहाच्या पाण्यात बुडवून सावलीत वाळवा. रकाने छापायचे तर लेझर प्रिंट किंवा झेरॉक्स घ्या, इंकजेटची शाई पाण्यात पसरते. पान उलटताना बोट लागतं तो खालचा कोपरा जास्त मळवा, सगळं पान सारखं पिवळं केलं की नाटकी दिसतं. बांधणी खळीने करणार असाल तर खळीत चिमूटभर मोरचूद घाला म्हणजे कीड लागत नाही, पण ते विषारी आहे, लहान मुलांच्या हाताला लागू देऊ नका.

पैसे हाली सिक्क्याचे. हैदराबाद संस्थानाचं चलन वेगळं होतं, साधारण ७ हाली रुपये म्हणजे इंग्रजांचे ६. नाण्यावर चारमिनार आणि त्याच्या कमानीत निजाम उस्मान अलींच्या नावातलं ‘ऐन’ हे अक्षर. जुनी नाणी विकणाऱ्याकडून एकच खरं नाणं आणा, क्लोजअपला तेवढं बस होतं. थैलीत हार्डवेअरच्या दुकानातले लोखंडी वायसर भरा. जमादार थैली टेबलावर आपटतो तेव्हा जो आवाज येतो तो नंतर स्टुडिओत भरून तसा येत नाही. प्रसंगात नोटा असतील तर आजच्या नोटांची रंगीत झेरॉक्स अजिबात काढू नका, भारतीय न्याय संहितेच्या कलम १८२ प्रमाणे तो गुन्हा आहे.

झेंडा आसफजाही, पिवळा, मधे पांढरा गोल कुलचा, म्हणजे रोटीचं चिन्ह. हळदीत रंगवू नका, हळद उन्हात उडते आणि दुपारच्या शॉटमध्ये झेंडा फिका पडतो. बाजारातला कापडाचा रंग घ्या.

बंदूक सुताराकडून लाकडाची करून घ्या, नळीला लोखंडी पाइप. खरी थ्री नॉट थ्री साधारण चार किलोची असते, म्हणून दस्त्यात, म्हणजे मागच्या लाकडी भागात, सळईचा तुकडा घालून वजन तीन किलोपर्यंत न्या, नाहीतर शिपाई ती छत्रीसारखी धरतो. ती घेऊन रस्त्यावर जाण्याआधी पोलीस ठाण्यात लेखी कळवा, ग्रामपंचायतीलाही सांगा. लोक व्हिडिओ काढतात आणि संध्याकाळपर्यंत भलतीच बातमी फिरते.

दोन गोष्टी जिवाच्या आहेत. उन्हाळ्यात दुपारी वावटळ येते आणि उभा फ्लॅट शिडासारखा उडतो. प्रत्येक फ्लॅटला मागून तिरपे दोन टेकू, त्यांवर वाळूची पोती आणि एक माणूस कायम मागे उभा. दुसरी आग. कंदिलाजवळच्या गोणपाटावर माती थापण्याआधी टाकणखार (बोरॅक्स) ७ भाग आणि बोरिक पावडर ३ भाग गरम पाण्यात विरघळवून फवारा, वाळू द्या आणि एक तुकडा बाजूला नेऊन पेटवून बघा. पाऊस लागला की हे धुऊन जातं, मग परत फवारावं लागतं. पाण्याच्या दोन बादल्या तरीही जवळ हव्याच.

नाका जाळण्याचा प्रसंग असेल तर हा सेट पेटवू नका. त्यासाठी मोकळ्या रानात एक वेगळा फ्लॅट लागेल आणि रात्रीच्या उजेडासाठी मातीचा रंगही वेगळा लागेल. तसं असेल तर इथेच कळवा, ते सविस्तर लिहितो.