लायका नेमकी किती तास जगली?

प्रश्न (मिरजेहून): जुन्या पुस्तकात लायका ही कुत्री अंतराळात आठवडाभर जगली असं वाचलं होतं. आता काही तासच म्हणतात. खरं काय?

उत्तर: काही तासच. ३ नोव्हेंबर १९५७ ला तिचं सोव्हिएत यान स्पुटनिक-२ उडालं आणि पाच ते सात तासांत उष्म्याने ती गेली. हे रशियन शास्त्रज्ञांनी जाहीर केलं थेट २००२ मध्ये. तोवर प्राणवायू संपल्याचं किंवा विषारी अन्न दिल्याचं सांगितलं जाई. परत आणायची सोय यानात नव्हतीच. ७ नोव्हेंबरला रशियन क्रांतीची चाळिशी होती, म्हणून यान जेमतेम चार आठवड्यांत जुळवलेलं. तापमान १५ अंशांपुढे गेलं की आपोआप सुरू होणारा एक पंखा होता, पण आतला पारा ४० पर्यंत चढला. पंख्याच्या आवाक्यातलं ते काम नव्हतं.

उड्डाणाच्या वेळी तिची नाडी १०३ वरून २४० वर गेली. ती उतरायला जमिनीवरच्या सेंट्रिफ्यूजमध्ये (सरावासाठी गरगर फिरवणारं यंत्र) लागायचा त्याच्या तिप्पट वेळ लागला. म्हणजे घाबरली होती, पण वजनरहित अवस्थेतही हृदय चालत राहिलं. डॉक्टरांना हवं होतं ते एवढंच.

प्रश्न (पणजीहून): रस्त्यावरच्या कुत्र्याच का? आणि त्याही माद्या?

उत्तर: मॉस्कोच्या थंडीत उपाशी राहून तगलेलं जनावर काटक असणार, हा साधा हिशोब. वजन सहा-सात किलोंच्या आत, आणि कॅमेऱ्यात नीट दिसावा म्हणून रंग फिका. मादी अशासाठी की ती लघवीला पाय वर करत नाही. त्या खोक्यात तेवढी जागाच नव्हती, आणि मलमूत्राची पिशवीही मादीला नीट बसे. सराव म्हणजे दिवसेंदिवस लहान होत जाणाऱ्या पिंजऱ्यात राहणं, सलग वीस दिवसांपर्यंत. वाटीतलं पाणी तरंगून बाहेर येईल, म्हणून पावाचा चुरा, मांसाची पूड आणि चरबी आगर-आगरमध्ये (आपला चायना ग्रास) थिजवून देत. खाणं-पिणं एकातच.

प्रश्न (नाशिकहून): अमेरिकेचे चिंपांझी वर जाऊन करायचे काय?

उत्तर: खटके दाबायचे. २९ नोव्हेंबर १९६१ ला गेलेल्या इनॉसला तीन आकृत्यांतली वेगळी ओळखून तिच्याखालचा खटका दाबायचा होता. चुकलं तर तळपायाला विजेचा झटका. कक्षेत मधला खटका बिघडला आणि बरोबर उत्तरालाही झटके बसू लागले. तरी तो शिकवलेलंच उत्तर देत राहिला. तीन फेऱ्या ठरल्या होत्या. यानाची दिशा सांभाळणारी यंत्रणा बिनसल्याने दोनच करून त्याला उतरवलं.