लम्पीची लस टोचूनही गाईला ताप आला आणि गाठ सुजली, मग यंदा लस टोचू की नको?

तुम्ही तासगावकडचे आहात, गाय एचएफ (होल्स्टीन) आहे, लस टोचून नवव्या दिवशी १०५ ताप आणि खांद्यापुढची गाठ (लसिकाग्रंथी) सुजलेली, अंगावर फोड एकही नाही. डॉक्टरांनी 'लसीचा ताप' म्हणून इंजेक्शनं दिली. आता तुम्ही विचारताय की लसीचा उपयोग काय, आणि रक्तातल्या अँटीबॉडी तपासून लस लागू पडली की नाही ते कळेल का.

लस टोचा. पण तुमच्या प्रश्नात लसीपेक्षा मोठी गोष्ट दडली आहे. अंगावर फोड नाही, ताप १०५ आणि गाठ सुजलेली, या तीन गोष्टी एकत्र दिसल्या की संकरित गाईत मी पहिलं नाव लम्पीचं घेत नाही, थायलेरियाचं घेतो, म्हणजे गोचीड चावून रक्तात शिरणाऱ्या परजीवीचं. सांगली-साताऱ्यात लम्पीचं लसीकरण बहुतेक पावसाळ्याच्या तोंडाशी होतं, आणि गोचीडही त्याच दिवसांत मातलेला असतो. गोचीड चावल्यापासून एक ते तीन आठवड्यांत ताप येतो. म्हणजे लस टोचली त्या दिवशी गाईच्या अंगात थायलेरिया आधीच शिरलेला असू शकतो. मधल्या काळात सुई टोचली गेली, एवढाच लसीचा संबंध.

पलूस तालुक्यातल्या एका गोठ्यातली गाय सांगतो, कारण तिच्यावरून जे घडलं ते अजून निस्तरतंय. एचएफ, आटवलेली, आठव्या महिन्याची गाभण. गोठ्यातल्या सगळ्या जनावरांना एकाच दिवशी लस टोचली होती. आठवड्याभराने हिला एकटीला ताप आला. उसाचं वाडं पुढ्यात पडून, रवंथ बंद. लसीचा ताप समजून ऑक्सिटेट्रासायक्लिन हे प्रतिजैविक आणि सोबत डेक्सामेथासोन हे स्टेरॉइड. दुसऱ्या दिवशी ताप उतरला, गाय थोडी चरली, सगळ्यांना हायसं वाटलं. तिसऱ्या दिवशी ताप पुन्हा १०६. पुन्हा तेच इंजेक्शन. पाचव्या दिवशी डोळ्याची आतली कड पांढरीफटक पडली आणि गाय गाभडली. तेव्हा कुठे रक्ताची काच, म्हणजे काचपट्टीवर पसरलेला रक्ताचा थेंब, तपासायला आली.

त्या काचेवर दुर्बिणीखाली शोधायची गरजच पडली नाही. तांबड्या पेशींमध्ये अंगठीसारखे, स्वल्पविरामासारखे, नुसत्या ठिपक्यासारखे परजीवी, जवळजवळ प्रत्येक दृश्यात. गाठीत सुई घालून काढलेल्या पाण्याच्या काचेवर लिम्फोसाइट पेशींच्या पोटात निळसर गोळे आणि त्यात जांभळट-लाल कण. यांनाच कोकचे निळे गोळे म्हणतात. हिमोग्लोबिन ५ वर आलेलं, जिथे निरोगी गाईत ते ८ च्या वर असतं. लघवी पिवळी होती, तांबडी किंवा कॉफीसारखी नव्हती, म्हणून बबेसिया, हा गोचिडाचाच दुसरा रक्तातला परजीवी, बाजूला पडला. थायलेरियावरचं औषध बुपारव्हाक्वोन दिलं. गाय वाचली, वासरू गेलं.

आणि वस्तीवर बोभाटा झाला, 'लसीनं गाभडली.' त्याच दावणीतल्या दुसऱ्या दोन गाभण गाईंना तीच लस टोचली होती, त्यांना काही झालं नाही, हे कोणी ऐकून घेतलं नाही. १०६ तापाने गाय गाभडू शकते, आणि शेवटच्या महिन्यांत डेक्सामेथासोननेही वासरू पडू शकतं. गाय वेळेआधी व्यायला लावायची असते तेव्हा तेच औषध देतात. दोन्ही कारणं समोर असताना बोट लसीकडे गेलं. पुढच्या वर्षी वस्तीतल्या निम्म्या लोकांनी टोचायला आलेल्या माणसांना दारातून परत पाठवलं. लम्पी आला तेव्हा आधी वासरं पडली.

ताप दिसला की स्टेरॉइड देणाऱ्यांशी माझं भांडण आहे ते इथे. 'काच करायला वेळ कुठे आहे, गाय मरेल तोवर' असं मला तोंडावर सांगितलं गेलंय. वेळ किती लागतो ते बघा. कानाच्या कडेच्या शिरेतून एक थेंब, पहिला थेंब पुसून टाकायचा, दुसरा घ्यायचा. काच पुसून कोरडी हवी, बोटाचा तेलकट डाग नको. दुसऱ्या काचेच्या कडेने ३० ते ४५ अंशांत एका दमात ओढायचं, शेवट जिभेसारखा पातळ झाला पाहिजे. हवेत हलवून लगेच वाळवायचं. मिथेनॉलमध्ये तीन-चार मिनिटं ठेवून पक्की करायची, मग रंग. लिशमनचा रंग असेल तर मिथेनॉलचीही गरज नाही, ते त्या रंगातच असतं: दोन मिनिटं नुसता रंग, मग दुप्पट बफर पाणी घालून दहा-बारा मिनिटं. धुवायचं, वाळवायचं, तेलाचा थेंब, शंभरपट मोठं दाखवणारं भिंग. सगळं मिळून अर्धा तास. लांब पाठवायचं असेल तर मिथेनॉलमध्ये पक्की करून कागदात गुंडाळून पाठवा.

काच बिघडते ती तीन कारणांनी. ओली ठेवली तर पेशी आक्रसतात आणि परजीवी नसताना दिसतो. उघडी ठेवली तर माशा रक्त चाटून जातात, सकाळी काच कोरी. आणि एकाच डब्यात फॉर्मॅलिनमधला अवयवाचा तुकडा आणि काच ठेवली तर फॉर्मॅलिनच्या वाफेने रंगच चढत नाही. हा तिसरा प्रकार सर्रास होतो. पातळ काचेसोबत जांभळ्या टोपणाच्या बाटलीत २ मिली रक्त थर्माकोलच्या डब्यात बर्फावर द्या, पण रक्त बर्फाला थेट टेकू देऊ नका, गोठलं की पेशी फुटतात.

स्टेरॉइडवर एवढा राग का, तर लम्पी आणि थायलेरिया दोन्ही रोगांत गाय वाचते ती मुख्यतः टी पेशींच्या, म्हणजे रोगाशी लढणाऱ्या पांढऱ्या पेशींच्या जोरावर, आणि डेक्सामेथासोन नेमक्या त्यांनाच दाबतं. थायलेरिया अॅन्युलाटा हा परजीवी गोचिडाच्या लाळेतून येतो आणि मॅक्रोफेज व बी पेशी या पांढऱ्या पेशींत घुसतो, म्हणजे जे पहारेकरी त्यांच्याच घरात. तिथे तो पेशीला न थांबता विभागायला लावतो आणि पेशी दुभागताना स्वतःही दोन्हीकडे वाटला जातो. कर्करोगासारखी वाढ, फक्त परजीवी मेला की ती थांबते. म्हणून बुपारव्हाक्वोन लवकर दिलं तर चमत्कारासारखं चालतं आणि पेशी फुटून रक्त संपल्यावर दिलं तर गाय हातची जाते. एक दिवस ताप उतरला याचा अर्थ औषध लागू पडलं असा नाही, फक्त सूज आणणारी रसायनं दबली. परजीवी तोच, वाढतोच आहे.

खिलारला हे का सोसतं आणि एचएफला का नाही, यावरही काम झालंय. एडिंबराजवळच्या रोझलिन संस्थेतल्या संशोधकांनी साहिवाल (देशी) आणि होल्स्टीन वासरांना हाच परजीवी देऊन पाहिला. परजीवी दोघांतही वाढला, पण साहिवालांत ताप आणि रक्तातली दाहाची प्रथिनं खूप कमी राहिली. म्हणजे मारतो तो निम्मा परजीवी आणि निम्मा शरीराचाच भडका. आटपाडी-जतकडच्या खिलार जनावरात गोचीड भरपूर दिसतो आणि जनावर धडधाकट असतं, त्यामागे असंच काही असावं असं माझं मत आहे. खिलारवर तसा प्रयोग मी वाचलेला नाही. बऱ्या झालेल्या जनावराच्या रक्तात परजीवी थोडा उरतो आणि तोच त्याला पुढे राखतो, पण त्याच जनावरावरून गोचीड परजीवी उचलून शेजारच्या एचएफला देतो. देशी आणि संकरित एकाच दावणीला बांधणाऱ्यांनी हे लक्षात ठेवावं.

औषधाचा हिशोब: बुपारव्हाक्वोन किलोमागे २.५ मिलिग्रॅम, मिलीत ५० मिलिग्रॅम असतं, म्हणजे २० किलोला १ मिली. ४०० किलोच्या गाईला २० मिली. मानेच्या स्नायूत खोल, एका जागी १० मिलीपेक्षा जास्त नाही. ४८ ते ७२ तासांनी गरज वाटली तर पुन्हा. वजन अंदाजाने कमी धरून १० मिलीत भागवणं ही सगळ्यात महागडी काटकसर आहे. बेरेनिल या इंजेक्शनने थायलेरिया जात नाही, तो बबेसियाचा इलाज.

आता लसीबद्दल. लम्पीचा विषाणू देवीच्या कुळातला, शेळी-मेंढीच्या देवीचा सख्खा. म्हणून २०२२ मध्ये आपल्याकडे शेळीच्या देवीची लस वापरली. त्याच वर्षी ऑगस्टमध्ये हिसार आणि इज्जतनगरच्या संस्थांनी लम्पीच्याच विषाणूपासून केलेली लसही जाहीर केली. दोन्ही जिवंत लसी आहेत. बाटली २ ते ८ अंशांत हवी, विरघळवल्यावर उन्हात ठेवू नका आणि काही तासांच्या आत संपवा, टोचायच्या जागी स्पिरिट लावू नका कारण त्याने विषाणू मरतो, प्रत्येक जनावराला वेगळी सुई. संरक्षण पक्कं व्हायला तीन आठवडे लागतात. त्याआधी बाधा झाली तर लस टोचलेल्या गाईलाही लम्पी होतो, त्यात लसीचा दोष नाही. लसीमुळे येणारी प्रतिक्रिया वेगळी असते: एक-दोन दिवसांचा सौम्य ताप, टोचल्या जागी सूज, लम्पीच्याच विषाणूच्या लसीने क्वचित अंगावर बारीक गाठी, ज्या दोन-तीन आठवड्यांत जिरतात. खऱ्या लम्पीची गाठ २ ते ५ सेंटीमीटर, टणक, कातड्याच्या पूर्ण जाडीची. बोटाने चिमटीत धरली की कळते.

अँटीबॉडी तपासून काही कळणार नाही. या विषाणूविरुद्धची ताकद मुख्यतः पेशींत असते, त्यामुळे अँटीबॉडी सापडल्या नाहीत तरी गाय सुरक्षित असू शकते. तो पैसा गोचिडावर घाला. अॅमिट्राझ हे गोचीडनाशक, १२.५ टक्क्यांचं, पाण्याच्या लिटरमागे २ मिली, जनावराला आधी भरपूर पाणी पाजून, सावलीत. थायलेरिया पसरवणारा हायलोमा गोचीड जनावरापेक्षा गोठ्याच्या भिंतीच्या भेगांत जास्त राहतो, म्हणून भेगा बुजवा, फ्लेम गन फिरवा, पंधरा दिवसांनी पुन्हा. चिकटल्यावर दोन-तीन दिवसांनी परजीवी लाळेत पिकतो, तेव्हा रोज हात फिरवून काढलेला गोचीड वाया जात नाही. कानामागे, कासेजवळ, शेपटीखाली बघा. थायलेरियाची वेगळी लसही आहे, द्रव नायट्रोजनमध्ये ठेवावी लागते म्हणून गावात सहज मिळत नाही, तुमच्या दूध संघाच्या डॉक्टरांना विचारा.

प्रत्येक ताप थायलेरिया नसतो. लंगडत असेल, तीन दिवसांत आपोआप उठली तर तिवा असेल. गाभण जनावराची लस आणि कोणतंही इंजेक्शन डॉक्टरांनी बघूनच, आणि दुधाचे वर्ज्य दिवस, म्हणजे औषधानंतर दूध न वापरायचे दिवस, बाटलीवर लिहिलेले पाळा. स्टेरॉइडही कायमचं वाईट नाही, अॅलर्जीने घसा सुजला तर तेच जीव वाचवतं. तुमच्या गाईला अजून ताप असेल तर आज काच काढा, उद्यावर टाकू नका. आणि लस यंदा टोचा, चार महिन्यांवरच्या वासरांनाही, पण गाईचा ताप पूर्ण उतरून ती नीट खाऊ लागल्यावरच.