सोबती गळला तरी निघा, पण आधी व्हिसा वाचा

भाऊ, सोबत्यानं ऐनवेळी नाही म्हटलं म्हणून लिफ्ट मागत जर्मनी फिरायचा बेत मोडू नका. एकट्याला लिफ्ट उलट लवकर मिळते. आणि रावेर-सावद्याकडच्या केळीच्या ट्रकमधून भुसावळ गाठणाऱ्या माणसाला अनोळखी ड्रायव्हरशी बोलायला शिकवावं लागत नाही.

१. व्हिसाच्या स्टिकरवर दिवस किती, प्रवेश किती ते बघा. नवखे इथंच फसतात. १८० दिवसांत ९० दिवस हा नियम सगळ्यांना पाठ असतो, पण स्टिकरवर १५ लिहिले असतील तर तुम्हाला १५च. प्रवेश एकच असेल आणि वाटेत कुणी म्हणालं, 'चल बेलग्रेडला', तर नको म्हणा. बेलग्रेड सर्बियात, आणि सर्बिया शेंगेनमध्ये, म्हणजे एकाच व्हिसावर फिरता येणाऱ्या युरोपीय देशांच्या गटात नाही; त्या व्हिसावर परत आत येता येणार नाही. क्रोएशिया चालेल, तो २०२३ पासून शेंगेनमध्ये आहे.

२. ऑटोबानवर, म्हणजे जर्मनीच्या द्रुतगती महामार्गावर उभं राहू नका, तिथं पायी जायलाच बंदी आहे. पेट्रोल पंपावर थांबा. नंबरप्लेटची पहिली अक्षरं बघा: एम म्हणजे म्युनिक, बी म्हणजे बर्लिन. मग जाऊन नीट विचारा. आधी 'तुम्ही कुठे चाललात?' एवढंच, माणूस ठीक वाटला नाही तर 'माझा रस्ता वेगळा' म्हणून सुटता येतं.

३. पासपोर्ट आणि पैसे अंगावर, डिकीत कधीच नाही. गाडीचा नंबर ड्रायव्हरसमोरच घरी पाठवा.

तंबू, स्टोव्ह पुढच्या वेळी बघू. अंधार पडायला लागला की सरळ बस पकडा, तेवढे पैसे वेगळे ठेवा. आणि परतीचं विमान जिथून आहे, त्या शहरात दोन दिवस आधी पोहोचा.