आधी क्लेरिककडे बघ

अरे, दुसऱ्याच लढाईत तुझ्या टोळीतले चौघे आडवे झाले म्हणून गेम सोडू नकोस. बाल्डर्स गेट ३ या व्हिडिओ गेममध्ये ऑनर मोड (सर्वांत कठीण पातळी) सोडला तर डिफिकल्टी मध्येच कमी करता येते. खुशाल कर, त्यात कमीपणा नाही.

पण तुझी खरी अडचण क्लेरिकची, म्हणजे टोळीतल्या पुजारी-मांत्रिकाची आहे. तू त्याला प्रत्येक टर्नला जखमा भरायला लावतोस. त्यापेक्षा पहिल्याच टर्नला ब्लेस हा आशीर्वादाचा मंत्र टाक. तिघांच्या हल्ल्याच्या प्रत्येक फाशात १ ते ४ ची भर पडते, म्हणजे वीस बाजूंच्या फाशावर वार लागण्याची शक्यता सरासरी साडेबारा टक्क्यांनी वाढते, तीही दहा टर्न. मग त्याला मागे खांबाआड उभं कर. ब्लेस क्लेरिकच्या एकाग्रतेवर टिकतो. त्याला मार बसला की फासा पडतो, तो हुकला की ब्लेस गेला. एकाग्रतेचा दुसरा मंत्र टाकलास तरी पहिला तुटतो, हे फार जणांच्या लक्षातच येत नाही.

धनुर्धाऱ्याला उंचावर चढव, त्याच्या हल्ल्याच्या फाशाला +२ मिळतात. आणि तुझ्या चौघांचे वार चार शत्रूंवर वाटू नकोस रे! अर्धमेला गॉब्लिनही पूर्ण ताकदीनेच मारतो. एकालाच धर, संपव, मग पुढचा. समोर जादूगार असेल तर आधी तोच.