गरोदरपणात थांबलेला आमवात बाळंतपणानंतर पुन्हा का उसळतो?
मुख्यतः हार्मोन्स एकदम खाली येतात म्हणून. गरोदरपणात इस्ट्रोजेन, प्रोजेस्टेरॉन आणि कॉर्टिसॉल खूप वाढलेले असतात. पोटातल्या बाळाला परकं समजू नये म्हणून रोगप्रतिकारशक्तीही नरमते आणि सांध्यांवरचा तिचा हल्ला सौम्य होतो. प्रसूतीनंतर काही दिवसांतच हे सगळं उतरतं. मग पहिल्या तीन-चार महिन्यांत अनेकींची बोटं सकाळी इतकी आखडतात की बाळाच्या झबल्याची नाडीही बांधता येत नाही. गरोदरपणात आमवात थांबतो, याच निरीक्षणाचा धागा धरून अमेरिकी डॉक्टर फिलिप हेंच कॉर्टिसोन या स्टिरॉइड औषधाच्या उपचारापर्यंत पोचले, १९५० च्या नोबेलचे ते एक मानकरी. मात्र ल्युपस, म्हणजे रोगप्रतिकारशक्ती स्वतःच्याच शरीरावर उलटण्याचा दुसरा एक आजार, गरोदरपणातच बळावू शकतो. आणि कृपा करून जुन्या गोळ्या मनाने सुरू करू नका. अंगावर पाजताना मेथोट्रेक्सेट हे आमवाताचं औषध चालत नाही.