सदाशिव पेठेच्या पिनकोडात गणित किती, योगायोग किती?

तुमचा प्रश्न असा की ४११०३० हा सदाशिव पेठेचा पिनकोड मूळ संख्या आहे का, आणि नसेल तर त्यात खास काही आहे का. मूळ नाही, हे शेवटच्या शून्यावरूनच कळतं. पण अवयव पाडून बघा: २ × ३ × ३ × ५ × ४५६७. म्हणजे ९० गुणिले ४५६७, आणि ४५६७ मात्र अस्सल मूळ संख्या. (६७ पर्यंतच्या मूळ संख्यांनी भागून पाहिलं की पुरे, ६८ चा वर्गच ४६२४ होतो.)

विभाजक एकूण २४. स्वतःला सोडून बाकीच्यांची बेरीज ६,५७,८८२, म्हणजे संख्येपेक्षा बरीच जास्त. यात पेठेनं कॉलर ताठ करायचं कारण नाही. खुद्द ६ सोडून ६ च्या पटीतली कुठलीही संख्या घ्या, बेरीज वरचढच निघते.

हे गुण संख्येच्या अंगचे. दशमान सोडून दुसऱ्या पद्धतीत, उदाहरणार्थ द्विमानात, लिहिली तरी ते जात नाहीत. ४-५-६-७ ओळीनं येणं हा मात्र आपल्या लिखाणाचा योगायोग. तरी अशा अंकांच्या गमतींना कमी लेखू नका. फर्ग्युसनमध्ये शिकलेले आणि देवळालीला शाळेत शिकवणारे द. रा. कापरेकर याच वाटेनं गेले. अंकांच्या बेरजेनं निःशेष भागली जाते ती 'हर्षद' संख्या, हे नाव त्यांचंच. इथे बेरीज ९ आणि भागाकार ४५६७०, म्हणजे आपली पेठ हर्षद!

त्यांची ६१७४ ची वजाबाकी करून बघितलीत तर? (चारही अंक सारखे नसलेली कुठलीही चार अंकी संख्या या क्रियेनं शेवटी ६१७४ वर येऊन थांबते.) अंक उतरते लावा, त्यातून चढते वजा करा: ४३११०० − ००११३४ = ४२९९६६. पुढे ७४९९४३, ६५२६४४, ४२०८७६. इथून गाडी एका जागी थांबत नाही. सात पायऱ्यांनी पुन्हा ४२०८७६ वर येते. सहा अंकांत असंही होतं.

मला सगळ्यात आवडते ती कापरेकरांचीच दुसरी क्रिया: संख्येत तिच्याच अंकांची बेरीज मिळवायची. अशा बेरजेतून कधीच न मिळणाऱ्या संख्यांना देवळाली संख्या म्हणतात. आपली तशी नाही, तिला जनक आहे, आणि एकच: ४११०२१ + ९. ४११०२१ म्हणजे पाषाण! त्याआधी दापोडी ४११०१२, त्याआधी खडकी ४११००३. सगळ्यांची बेरीज ९, म्हणून दर वेळी नऊचीच उडी. सदाशिव पेठेतून पुढे भोसरी, ४११०३९. तिथे बेरीज १८ होते, म्हणून उडी दुप्पट, आणि आपण थेट हिंजवडीत, ४११०५७. पुण्याच्या पीएमपी बससेवेनं हा मार्ग अजून सुरू केलेला नाही.