वाचकांचे प्रश्न : फोम कटरवर मॉडेल विमानाच्या विंगची टिप (टोकाची बाजू) बारीक का येते?

प्रश्न : सर, मी आकुर्डीला इंजिनिअरिंगच्या तिसऱ्या वर्षाला आहे. मी आणि माझ्या मित्राने मिळून चार अक्षांचा हॉट वायर फोम कटर (तापलेल्या वायरने फोम कापणारं मशीन) बनवलाय, कंट्रोलला आर्डुइनो मेगा आणि रॅम्प्स बोर्ड, चार नेमा १७ मोटर, टी८ लीड स्क्रू, ०.४ मिमीची नायक्रोम वायर, दोन टॉवरमध्ये १ मीटर अंतर. सरळ चौकोनी विंग मस्त निघते पण टेपर, म्हणजे टोकाकडे निमुळती विंग (रूट म्हणजे विमानाकडची बाजू २०० मिमी रुंद, टिप १२०, पॅनेल ६०० मिमी लांब) कापली की टिप पातळ येते, ट्रेलिंग एज (मागची पातळ कड) तर वितळूनच जाते आणि मधोमध वरच्या बाजूला खड्डा पडल्यासारखा दिसतो. सॉफ्टवेअरमध्ये टिपची जाडी टक्क्यांनी वाढवून बघितली, थोडा फरक पडला पण ट्रेलिंग एज तशीच. वायरचं तापमान नक्की किती ठेवायचं?

उत्तर : चौकोनी विंग नीट निघतेय म्हणजे मशीनचा सांगाडा बरोबर आहे, उगाच खोलून बसू नका. तुमचे दोन वेगळे प्रॉब्लेम एकत्र दिसतायत, टिपचा एक आणि मधल्या खड्ड्याचा दुसरा.

आधी टिप. टेपर विंगमध्ये रूटच्या बाजूला वायर २०० मिमी जाते तेवढ्याच वेळात टिपच्या बाजूला १२० मिमी जाते, म्हणजे टिपचा वेग रूटच्या ६० टक्केच. वायर मात्र दोन्हीकडे सारखीच तापलेली असते. मग जिकडे ती हळू चालते तिकडे फोमला जास्त वेळ धग लागते आणि जास्त फोम वितळतो. हे प्रत्येक मशीनवर होतं, लाखभराच्या मशीनवर पण होतं, फक्त सॉफ्टवेअरला ते सांगावं लागतं. आता तू जाडी टक्क्यांनी वाढवलीस तर काय झालं बघ. समज क्लार्क वाय नावाचं एअरफॉइल (विंगच्या छेदाचा आकार) आहे, त्याची जाडी कॉर्डच्या, म्हणजे पुढून मागच्या रुंदीच्या, ११.७ टक्के, १२० च्या टिपला साधारण १४ मिमी. तू १० टक्के वाढवलंस की पोटात दीड मिमी वाढलं पण ट्रेलिंग एजला जिथे जाडी मिमी-दोन मिमीच आहे तिथे वाढलं जवळजवळ शून्य. आणि वायर तर सगळीकडून सारखाच थर खाते! म्हणून टक्केवारी सोड, कर्फ (वायरने वितळून पडणाऱ्या फटीची रुंदी) मोज आणि रूटला वेगळा, टिपला वेगळा टाक. जेडीकट या फोम कटरच्या सॉफ्टवेअरमध्ये दोन्ही बाजूंना वेगवेगळा आकडा देता येतो, बाकीच्या चार अक्षांच्या सॉफ्टवेअरमध्ये पण ही सोय बहुतेक असतेच.

मोजायचा कसा ते सांगतो. ज्या शीटमधून विंग कापणार त्याच शीटचा तुकडा घे, वायरची हीट जी ठेवायची तीच ठेव, आणि एकावर एक १० मिमी अंतराने दोन आडवे सरळ कट मार, दोन्ही बाजूंना वेग सारखा. मधली पट्टी व्हर्निअरने मोज, फोम दाबू नकोस, हलक्या हाताने. हे एकदा रूटच्या वेगाला कर आणि एकदा टिपच्या. समज पहिली पट्टी ८.९ आली आणि दुसरी ८.४, तर कर्फ झाला १.१ आणि १.६ मिमी. सॉफ्टवेअर एका बाजूचा ऑफसेट मागत असेल तर याच्या निम्मे आकडे टाकायचे, म्हणजे ०.५५ आणि ०.८. पट्टी रूटच्या आणि टिपच्या वेगालाच कापायची, मधल्या कुठल्या तरी वेगाला एकच कापून दोन्हीकडे तोच आकडा टाकायचा शॉर्टकट घेऊ नको.

हे करायच्या आधी वेग खरा आहे का ते बघून घे, कारण इथे भलेभले अडकतात. कोडमध्ये ३०० मिमी प्रति मिनिट टाक, दोन्ही बाजू ३०० मिमी सरळ पळव आणि मोबाईलवर स्टॉपवॉच लाव. ६० सेकंद लागले तर छान. साधारण ८५ सेकंद लागले तर तुझा फर्मवेअर (बोर्डातला प्रोग्राम) चारही अक्षांचा मिळून एक वेग धरतोय, म्हणजे प्रत्येक बाजू खरंतर २१२ नेच चाललीय. चालेल, फक्त आकडा तसा वाढवून द्यायचा. आणि स्टेप्स पर एमएम, म्हणजे एक मिमी सरकायला मोटरला लागणाऱ्या स्टेप्स, टी८ चा ८ मिमी लीडवाला स्क्रू आणि १६ मायक्रोस्टेप असेल तर ४०० हवेत. दोन मिमी लीडचा स्क्रू पण दिसायला तसाच असतो, त्याला १६०० लागतात, म्हणून एक फेरा फिरवून नट किती सरकतो ते पट्टीने बघ.

अजून एक, आणि हे टेपर विंगलाच नडतं. ब्लॉक टॉवरच्या मधे नक्की कुठे ठेवलाय? सॉफ्टवेअर टॉवरपर्यंतची रेष लांबवून हिशोब करतं. तुझ्या विंगमध्ये ६०० मिमीला ८० मिमी कॉर्ड कमी होते, म्हणजे ब्लॉक १५ मिमी जरी इकडे तिकडे सरकला तरी रूट आणि टिप दोन्ही २ मिमीने चुकणार. चौकोनी विंगमध्ये हे कधीच कळत नाही. टेबलावर मार्करने कायमच्या रेघा मार आणि अंतर मोजताना टॉवरपासून मोजू नको, वायर जिथे प्रत्यक्ष टेकते त्या बिंदूपासून मोज.

ट्रेलिंग एजचं उरलेलं दुखणं वायरच्या थांबण्यात असतं. सुरुवात ब्लॉकच्या बाहेरून कर, आत येऊन वायर थांबायला नको. एअरफॉइलच्या फाइलमध्ये दोनशे-अडीचशे बिंदू असतील तर ते ऐंशी-शंभरवर आण, नाहीतर मशीन छोट्या छोट्या तुकड्यांवर अडखळत चालतं आणि विंगवर लांबीच्या दिशेने रेघा येतात. आणि बिनधास्त ट्रेलिंग एज १ ते दीड मिमी जाड ठेव, नंतर सँडपेपरने घासून घे, कागदासारखी धार वायरकडून मागायचीच नाही.

आता तो खड्डा. विंग उलटी करून बघ. वरच्या बाजूला खड्डा आणि बरोबर त्याच्याच खाली तेवढाच फुगवटा असेल तर वायरला झोळ पडतोय. लीडिंग एज (पुढची कड) मधेच बोथट किंवा आत गेलेली असेल तर वायर मागे रेंगाळतेय, म्हणजे वेग जास्त किंवा हीट कमी. तुझ्या वर्णनावरून मला झोळ वाटतोय. १ मीटर नायक्रोम तीनशे अंशांनी तापली की साधारण ४ मिमी लांब होते. चारच मिमी ना, असं वाटतं, पण ताण घेणारं काही नसेल तर त्या ४ मिमीने मधे जवळपास ३९ मिमीचा झोळ येतो, भूमिती करून बघ! शिवाय एक टोक दुसऱ्याच्या १०० मिमी पुढे गेलं की टोकांमधलं अंतर १००० चं १००५ होतं. स्प्रिंग लावली असशील तर तिचा ताण या सगळ्यात कमीजास्त होत राहतो. मला स्वतःला वजन आवडतं. एक टोक पक्कं, दुसऱ्या टोकाला रिंग टर्मिनल, करंटची वायर तिथेच जोडायची आणि तिथून पुढे मासेमारीची दोरी छोट्या बेअरिंगवरून खाली सोडून अर्धा ते एक किलो वजन. नायक्रोमच बेअरिंगवरून नेलीस तर प्रिंट केलेला पार्ट वितळेल, म्हणून मधे दोरी. अर्ध्या किलोला थंड वायरचा स्वतःच्या वजनाचा झोळ पाव मिमीच्या आसपास राहतो, तेवढा चालतो.

तापमानाचं विचारलंयस, तर आकडा नकोच धरू. ०.४ मिमी नायक्रोमचा रेझिस्टन्स मीटरला पावणेनऊ ओहमच्या आसपास, २४ व्होल्ट सरळ दिले तर पावणेतीन अँपिअर, ६६ वॅट, हे जास्त होतं. पीडब्ल्यूएम (वीज झपाट्याने चालू-बंद करून सरासरी पॉवर कमी करणारं सर्किट) निम्म्यावर ठेवून ३३ वॅटपासून सुरू कर, साध्या थर्मोकोलला २५० मिमी प्रति मिनिट. मग वायरच्या टोकाकडून डोळा लावून बघ, फोममधून जाताना वायर सरळ दिसली पाहिजे, फोमला न टेकता तिच्या धगीनेच वाट होत गेली पाहिजे. कट संपल्यावर वायरच्या मागे बारीक केसासारखे तंतू दिसले तर सेटिंग जमलीय. पृष्ठभाग चकचकीत आणि कडक झाला तर हीट कमी कर. वायर लाल दिसत असेल तर खूपच जास्त आहे. आणि डोक्यावरचा पंखा बंद! पंख्याच्या वाऱ्याने वायर गार होते आणि सकाळचा कर्फ दुपारी जुळत नाही.

प्रश्न : माझा मुलगा नववीत आहे, कोथरूडला राहतो आम्ही. त्याने व्हिडिओ बघून थर्मोकोल कापायचा हाताचा कटर केलाय, पंख्याच्या जुन्या रेग्युलेटरमधून डायरेक्ट वायर जोडलीय. छान चालतो म्हणतो. मला भीती वाटते, उगाच घाबरतेय का?

उत्तर : ताई, अजिबात उगाच नाही, आजच्या आज तो प्लग काढून ठेवा. रेग्युलेटरने वायर कमी तापते एवढंच, पण ती उघडी वायर घरातल्या २३० व्होल्टलाच जोडलेली राहते, मधे कुठलंही आयसोलेशन, म्हणजे मेन्सपासून तोडणारं काही, नाही. वायर हाताला लागली तर नुसता चटका नाही, शॉक बसेल, आणि असा शॉक जीवावर बेतू शकतो. मुलाला रागावू नका मात्र, त्याला काहीतरी बनवायचंय ही चांगलीच गोष्ट आहे. पुण्यात तपकीर गल्लीत १२ व्होल्ट ५ अँपिअरचा एसएमपीएस (पॉवर सप्लाय) मिळतो आणि छोटं पीडब्ल्यूएम मोड्यूल मिळतं, दोघं एकदा जाऊन घेऊन या. ४० सेंटीमीटरची ०.४ मिमी वायर साडेतीन ओहमची होते, १२ व्होल्ट सरळ दिले तर गरजेपेक्षा फार जास्त तापेल, म्हणून मोड्यूल हवंच, त्याचं नॉब एक तृतीयांशाच्या आसपास ठेवून हळूहळू वाढवायचं. एसएमपीएसला अर्थिंग जोडायचं, २३० व्होल्टची टर्मिनल झाकलेली हवीत, तेवढं जोडकाम इलेक्ट्रिशियनकडून करून घ्या. बटण असं लावा की दाबून धरलं तरच वायर तापेल, सोडलं की बंद. घरात ३० मिलिअँपिअरचा आरसीसीबी (करंटची गळती झाली की लाइन तोडणारा स्विच) नसेल तर त्याच फेरीत तोही बसवून घ्या, तो सगळ्यांच्याच उपयोगाचा आहे. आणि बंद खोलीत कापू देऊ नका, स्टायरीनचा वास डोक्यात जातो, खिडकी उघडी हवी.

प्रश्न : चिंचवडहून विचारतोय, सनबोर्ड आणि सोफ्याचा फोम हॉट वायरने कापता येतो का? आणि थर्मोकोलवर बंदी आहे ना, मग शीट आणायची कुठून?

उत्तर : दोन्ही कापू नका. सनबोर्ड म्हणजे पीव्हीसी, तो तापला की हायड्रोजन क्लोराइड वायू निघतो, छातीला वाईटच, शिवाय तुमचे लीड स्क्रू आणि रॉड काही दिवसांत गंजतील. सोफ्याचा फोम पॉलियुरेथेनचा, त्यातून आयसोसायनेट आणि हायड्रोजन सायनाइड निघू शकतो, त्याला एक्झॉस्ट लावूनही हात लावू नये. सनबोर्ड ब्लेडने कापा, मस्त कापला जातो. हॉट वायरला थर्मोकोल, एक्सपीएस (एक्स्ट्रुडेड पॉलिस्टायरीन) आणि ईपीपी (पॉलिप्रॉपिलीनचा फोम) हे तिघं.

महाराष्ट्रातल्या २०१८ च्या बंदीत गणपतीची मखरं, ताटं-वाट्या असला माल गेला, पण कोल्ड स्टोरेज आणि गच्चीच्या इन्सुलेशनची शीट विकणारे आहेत, त्यांच्याकडे मागा. घेताना वजन करून घ्या. १ मीटर बाय अर्धा मीटर, ५० मिमी जाड शीट ५०० ग्रॅम भरली तर घनता २० किलो प्रति घनमीटर, विंगला उत्तम. साडेतीनशे ग्रॅम भरली तर पॅकिंगचा माल आहे, दाणे मोठे असतात आणि सँडिंग करताना उपटून येतात. एक्सपीएस त्याच मापात साधारण ८०० ग्रॅम भरतो, कणखर आहे पण त्याला वेग कमी ठेवावा लागतो आणि कर्फ परत मोजावा लागतो, थर्मोकोलचा आकडा तिथे चालत नाही. उरलेले तुकडे कचऱ्यात टाकू नका, लीडिंग एजच्या दुरुस्तीला आणि कर्फच्या पट्ट्यांना तेच लागतात.

प्रश्न : हडपसरहून, रिटायर झाल्यावर हा छंद लागलाय. पहिल्या ट्रेनर विमानाला कुठलं एअरफॉइल कापावं? नेटवरून फाइल घेतली तर स्क्रीनवर सगळा गुंता दिसतो.

उत्तर : काका, क्लार्क वाय कापा. १९२२ पासून विमानांना लागत आलंय, आणि पुढचा तीस टक्के भाग सोडला तर खालची बाजू सपाट, त्यामुळे टेबलावर ठेवून जोडायला, स्पार (विंगमधली आधाराची काठी) बसवायला सोपं जातं आणि हळू उडताना विमान दगा देत नाही. फाइल अमेरिकेतल्या इलिनॉय विद्यापीठाच्या एअरफॉइल संग्रहात फुकट मिळते. गुंता दिसतोय कारण फाइली दोन पद्धतीने लिहिलेल्या असतात, एकीत बिंदू ट्रेलिंग एजपासून वरून लीडिंग एजला जाऊन खालून परत येतात, दुसरीत वरची बाजू वेगळी आणि खालची वेगळी, दोन्ही लीडिंग एजपासून. तुमच्या सॉफ्टवेअरला बहुतेक पहिली हवीय. नोटपॅडमध्ये उघडा, वरच्या बाजूचे आकडे उलट्या क्रमाने लावा, मधली रिकामी ओळ काढा, लीडिंग एजचा बिंदू दोनदा आला असेल तर एक खोडा, आणि नावाच्या खालच्या ओळीत बिंदूंची संख्या लिहिलेली असेल तर तीही ओळ काढून टाका.